आत्याच्या लॅपटॉपला लागलेली खारी हवा

माझी आत्या माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसे, आवाजावरून ओळखायची. चेहरा लक्षात राहत नव्हता असं नाही, पण त्यावर तिचा विश्वास नव्हता. रस्त्यात कोणी समोर येऊन हसलं की ही नुसती उभी. समोरचा "काय आत्याबाई, ओळखलंत का?" म्हणाला, की लगेच त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि तो सध्या कुठे कामाला आहे ते. एकदा रेवदंड्याच्या बाजारात आमच्या पाठीमागे कोणीतरी कोळणीशी घासाघीस करत होतं. आत्यानं मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, "पुष्पा, लग्न होऊन गेलीस ती आज उगवलीस होय गं?" आणि ती पुष्पाच निघाली. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणे, "चेहऱ्याला पावडर लावता येते. आवाजाला कुठे लावणार?"

ही तिची नोकरीतली कमाई. टेलिफोन खात्यात ती ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, आणि या भोकातली वायर त्या भोकात. आमच्या वाडीतली सरकारी पगार घेणारी ती पहिली बाई, म्हणून माझे वडील तिच्याबद्दल बोलताना आवाज जरा चढवूनच बोलायचे. मुंबईला ट्रंक कॉल लावून लोक बसून राहायचे, त्या काळात अर्ध्या तालुक्याची सुखदुःखं हिच्या कानावरून गेली. कोणाचा मुलगा पैसे पाठवत नाही, कोणाची मुलगी माहेरी यायचं म्हणतेय, सगळं हिला ठाऊक. पण तोंडातून एक अक्षर निघालं नाही. मी लहानपणी खूप खोदून विचारायचे. ती म्हणायची, "ऐकलेलं सांगत सुटलं की कानाची इज्जत जाते." मग हातावर एक लिमलेटची गोळी ठेवून मला बाहेर पिटाळायची.

गाणं ऐकणं हा तिच्याकडे एक सोहळाच होता. आधी पंखा बंद. मग फ्रिजचं बटण बंद. मग कोणी भाजी चिरत असेल तर विळी बाजूला. आमच्याकडच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. अंगाची नुसती काहिली, कपडे चिकटलेले, आणि ही डोळे मिटून ताठ बसलेली. शेजारच्या नलिनीवहिनींनी पाण्याचा पंप लावला तर ही खिडकीतून हाक मारायची, "नलिनी, एक गाणं होऊ दे, मग भर टाकी." आणि नलिनीवहिनी खरंच पंप बंद करायच्या. गाणी जुनीच असायची. काही सिनेमातली, काही आमच्या गायन पार्टीवाल्यांची. त्यातल्या कोरसमध्ये कोण बाई श्वास चुकली तेही ती सांगायची.

खोटं कशाला सांगू, मोठी झाल्यावर मी तिच्याकडे फारशी जात नव्हते. अलिबागला माझं दुकान आहे. लॅपटॉप, प्रिंटर दुरुस्त करते, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. तिथून रेवदंडा ते काय लांब, रिक्षात बसलं की पोचलं. तरी विहारातल्या जयंतीला, एखाद्या लग्नाला आणि कोणी गेलं तर, एवढंच माझं जाणं. आत्याचे यजमान, आमचे काका, वारले, तिचा मुलगा मिलिंददादा उरणला कंटेनरच्या गाड्यांच्या धंद्यात अडकला, आत्या घरात एकटी राहिली. हे सगळं मला माहीत होतं. आपलं माणूस एकटं आहे हे माहीत असणं म्हणजे आपण त्याच्यासाठी काही करतोय, असं मला तेव्हा वाटायचं बहुतेक.

मग दादानं आपला जुना लॅपटॉप तिला आणून दिला. तिच्या कॅसेटींना बुरशी लागली होती, म्हणून त्यात तिची सगळी गाणी भरून दिली. दोन दिवसांनी मला फोन. "सुजा, या डब्यात बाई पिंपात बसून गातेय. येऊन तिला बाहेर काढ."

मी रविवारी गेले. बघते तर लॅपटॉप पलंगावर, घडी घातलेल्या गोधडीवर. दादानं सांगितलं होतं, धक्का लागू देऊ नको, म्हणून ही व्यवस्था. आता या लॅपटॉपचे स्पीकर पोटाखाली. गोधडीत तोंड खुपसून कोण गाणार? मी तो उचलून लाकडी स्टुलावर ठेवला, खाली पुढच्या बाजूला दोन बाटल्यांची बुचं सरकवली म्हणजे पोट जरा उचललं जाईल. सेटिंगमध्ये आवाज ‘सुधारण्या’साठी कंपनीनं आपणहून टाकलेल्या टिकच्या खुणा असतात, त्या सगळ्या काढून टाकल्या. गाणं लावलं. आत्यानं डोळे मिटले. पहिलं कडवं संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "हां. आली बाहेर बाई." आणि मला कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. घरी येताना मी रिक्षात स्वतःवरच खूश होते.

पुढच्या रविवारी मी आपण होऊन गेले. तिच्या जुन्या कॅसेट डेकचे दोन लाकडी स्पीकर माळ्यावर पडले होते. ते काढले, पुसले, डेकला लावले आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर डेकला दिली. आवाज भरदार झाला, पण गाण्याच्या मागे एक बारीक घुमणं. मला आधी कळलंच नाही. आत्या म्हणाली, "मागे भुंगा आहे." चार्जर काढला की भुंगा गप्प, चार्जर लावला की चालू. आणि चार्जर काढून चालवावा तर त्या जुन्या बॅटरीत एक गाणं पुरं होईना. मी म्हटलं, तुझ्या घराचं अर्थिंग नीट नाही. मागच्या दाराशी अर्थिंगचा खड्डा होता, मीठ आणि कोळसा घालून पुरलेला, पण उन्हानं जमीन सुकून तडकलेली. आम्ही दोघींनी विहिरीतून बादल्या काढून तिथे ओतल्या. नलिनीवहिनी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "आत्याबाय, तिथं काय लावलाव? काय उगवताना तं दिसत न्हाय." आत्या गंभीर तोंडानं म्हणाली, "गाणं लावलंय." आत जाऊन ऐकलं तर भुंगा जवळजवळ गेलेला. त्यानंतर ती रोज सकाळी तिथे एक बादली पाणी घालायची, तुळशीला घालावं तसं. ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली आहे.

तेव्हा तिचे कान चांगले होते, हे मी मुद्दाम सांगतेय. भुंगा तिनं ऐकला होता, मी नव्हे.

रविवार मग ठरूनच गेला. मी गेले की आत्या तक्रार तयार ठेवायची आणि मी दुरुस्ती. कधी डाव्या बाजूनं आवाज कमी, कधी फोनवरून घेतलेली गाणी चिरकी लागतात. ती मी काढून टाकली आणि चांगल्या प्रतीची शोधून भरली. लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेव आणि डेकचं बटण कमी ठेव, उलटं केलंस तर खरखर वाढते, असं तिला शिकवलं. ते तिनं एका झटक्यात उचललं. म्हणाली, "म्हणजे लाइनवरच्या माणसाला नीट बोलू द्यायचं, आपण कान जवळ न्यायचा." काम अर्ध्या तासाचं असायचं, पण मी दुपारी जेवून, चहा पिऊन निघायची. माझ्या नवऱ्याच्या तक्रारी, दुकानाचं भाडं, सगळं तिच्यासमोर ओकून यायची. ती ऐकायची. तिच्याइतकं नीट मला आजवर कोणी ऐकलेलं नाही.

पावसाळा सरला आणि तिची तक्रार बदलली. "आवाज येतोय गं, पण बाई शब्द खातेय." मी पिन काढून बघितली तर तिला हिरवट गंज. मला वाटलं, सापडला चोर. आता आमच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको. गेटच्या बिजागऱ्या, मिक्सरचं बटण, टीव्हीची पाठ, सायकलची चेन, काहीही बिघडलं की आम्ही एकच सांगतो, खारं लागलं. आणि शंभरातल्या नव्वद वेळा ते खरंही असतं. त्यामुळे दुसरं काही असेल असं डोक्यात येतच नाही. मी पिन घासली, वायर बदलली. आत्या म्हणाली, "आता बरं आहे." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग बाहेरून लावायचं छोटं साउंड कार्ड आणलं, म्हटलं आतलं भोकच खाऱ्यानं गेलं असेल. "आता बरं आहे." पुन्हा पुढच्या रविवारी शब्द गायब.

मग मी इक्वलायझरच्या मागे लागले. पडद्यावर त्या उभ्या रेघा असतात, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. शब्दांची धार उजवीकडे असते. मी उजवीकडच्या रेघा जरा वर नेल्या. आत्या खूश. पुढच्या वेळी आणखी जरा. मग आणखी. शेवटी अशी वेळ आली की गाण्यातला प्रत्येक ‘स’ माझ्या कानात सुईसारखा टोचायचा, आणि आत्या म्हणायची, "अजून थोडं मोकळं कर ना." मी मोकळं करायची. दुकानात कोणी असा आवाज घेऊन आलं असतं तर मी त्याला आधी विचारलं असतं, ऐकणार कोण आहे? घरच्या माणसाला मी ते विचारलं नाही. माझे कान किटत होते आणि तिचे भरत नव्हते, एवढा सरळ हिशेब. तो मला समजला नाही असं मी म्हणते. पण समजला होता. मला तो नको होता.

कारण खुणा का थोड्या होत्या? गॅसवर कुकर ओरडून ओरडून डाळ करपली आणि ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेली. माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागली. चेहऱ्यावर विश्वास नसणारी बाई माझ्या ओठांवर नजर लावून बसायची, आणि मी त्याला माया समजले. आणि मग एक दिवस मी तिला फोन केला, "आत्या, मी बोलतेय," तर पलीकडून म्हणाली, "बोला वहिनी." वहिनी म्हणजे माझी आई. मी म्हटलं, अगं मी सुजा. ती हसली, म्हणाली, "तू अगदी वहिनींसारखी बोलायला लागलीस हो." मीही हसले. फोन ठेवला. रेवदंड्याच्या भर बाजारात पाठमोरी पुष्पा ओळखणारी ही बाई, आणि तिला मी ओळखू आले नाही.

तिला सांगायला हवं होतं. कसं सांगायचं तेवढं मला सुचेना. जिनं जन्मभर कानाच्या जोरावर मान ताठ ठेवली तिला म्हणायचं, आत्या, लॅपटॉप ठीक आहे, तुझे कान गेले? मी ते पुढच्या रविवारवर ढकललं. आणि पुढच्या रविवारी काय केलं, तर नवीन स्पीकर घेऊन गेले. महागातले. ते लावताना तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनंही काही विचारलं नाही. गाणं लागलं, ती डोळे मिटून बसली, आणि गाणं संपल्यावर जरा उशिरानंच तिनं डोळे उघडले. "आता बरं आहे," म्हणाली. तिला गाणं संपलेलं कळलं नव्हतं.

हे असं किती दिवस चाललं असतं देव जाणे. एका रविवारी मिलिंददादा अचानक आला. आल्या आल्या त्यानं गाणं लावलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "केवढं कर्कश करून ठेवलंय हे! कोणी केलं?" मी म्हटलं, मी. "आणि आईला हे असं बरं वाटतं?" त्यानं आईकडे बघितलं. आत्या चहा गाळत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. त्यानं हाक मारली, "आई." तिनं चहा गाळणं चालूच ठेवलं. त्यानं पुन्हा हाक मारली. मग तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "सुजा, तू तर दर आठवड्याला येतेस ना?" त्यात आरोप नव्हता, तो खरंच विचारत होता. मला तिथेच जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

अलिबागच्या कानाच्या डॉक्टरकडे तिला मी घेऊन गेले. काचेच्या एका छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर होते. हेडफोन हातात आल्याबरोबर आत्या बदलली. तिनं अंबाडा जरा वर सरकवला, हेडफोनची पट्टी डोक्यावर बरोबर बसवली, पाठ सरळ केली, बोटं बटणावर ठेवली. ड्युटीवर बसली ती. आधी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग बोट तसंच थांबलं. आत आवाज येत असणार, कारण डॉक्टरांच्या हाताखालच्या मुलीचा हात मशीनवर चालू होता. आत्याचं बोट हललं नाही. ती त्या मुलीकडे बघत होती, ड्युटी चुकतेय का, अशा नजरेनं. मी तोंड फिरवलं. माझ्याच्यानं ते बघवेना.

डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, वयानं होतं हे, थांबवता आलं नसतं. बारीक आवाज आधी जातात, म्हणून शब्द तुटक लागतात. मग म्हणाले, "पण कानाचं मशीन सुरुवातीलाच लावलं असतं तर शब्द समजायची सवय मोडली नसती. आता आवाज पोचेल, पण समजायला वेळ लागेल. काही नाहीच समजणार." एवढे दिवस कोणी आणलं नाही का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच. चौल मागे पडलं. मग तिच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हटलं, "आत्या, माझं चुकलं. मला आधीच कळायला हवं होतं." ती बाहेर सुपारीच्या बागांकडे बघत होती. म्हणाली, "मला कळलं होतं की."

मी पुढे वाकून विचारलं, काय कळलं होतं?

"माझ्या कानाचं मला कळणार नाही? दिवाळीच्याही आधीपासून ठाऊक होतं. शब्द कोण खातंय ते." ती नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होती, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, त्यामुळे रिक्षावाल्यानंही ऐकलं असणार. "पण म्हटलं, बिघडलंय तोवर पोर येतेय. नीट झाल्यावर कशाला येईल?"

मी म्हटलं, असं काय बोलतेस, मी आले असते. तिनं माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि माझ्या मांडीवर थोपटलं. विश्वास बसला म्हणून नव्हे, विषय मिटवायला.

मशीन आलं. त्यातून तिला सगळं पत्र्याच्या छपरावर पडल्यासारखं लागायचं. भांडी, कावळे, नलिनीवहिनींचा पंप, सगळ्यांचा एकच गोंगाट. तिनं ते धीरानं लावून घेतलं, माणसं आली की लावायची. पण गाणं एकदाच लावून पाहिलं. अर्ध्यावर तिनं हात वर केला, बस म्हणून. मला म्हणाली, "ही बाई मी ओळखत नाही." लॅपटॉप, वायरी, साउंड कार्ड सगळं मी तिच्या सांगण्यावरून जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. आणि मी तिला शब्द दिला, बिघडो न बिघडो, दर रविवारी येईन. ओठ नीट हलवून, स्पष्ट सांगितलं.

सुरुवातीला गेलेही. पण पूर्वी माझ्या हाताला काम असायचं, स्क्रू, पिन, रेघा. आता नुसतं समोर बसायचं आणि एकेक वाक्य तीनदा मोठ्यानं बोलायचं. माझ्या नवऱ्याच्या तक्रारी ओरडून थोड्याच सांगता येतात? नलिनीवहिनी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या असत्या. मी आपलं, जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच विचारायची आणि घड्याळाकडे बघायची. ती ते बघायची. मग शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस आले, दुकानाबाहेर रांगा, रविवारीही दुकान उघडं. एक रविवार चुकला, मग दुसरा. चुकलेल्या रविवाराची एकदा सवय झाली की त्याला चुकलेला म्हणतच नाहीत.

एक दिवस भर गर्दीत हरेशभाऊ दुकानाच्या दारात आले. तेच रिक्षावाले, डॉक्टरकडून परततानाचे. म्हणाले, "ताई, आत्याबायनी निरोप दिलाय. लॅपटॉपचा आवाज परत गेलाय बोलल्या. येऊन जा म्हणून. काय घाई न्हाय बोलल्या."

मी प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत होते. मान वर न करता म्हटलं, "त्यांना सांगा, बंद करून परत चालू करा. तेवढ्यानं होईल."

हरेशभाऊ "असंच सांगू?" म्हणाले. मी म्हटलं, हो.

संध्याकाळी शटर ओढताना मला आठवलं, लॅपटॉप तर कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. साडीत गुंडाळून मीच ठेवलाय. तिचा हात तिथे पोचत नाही. ती काय म्हणत होती ते मला शटरपाशी उभं राहून स्वच्छ ऐकू आलं. तेव्हाही मी काय ठरवलं, तर या रविवारी नक्की जायचं. त्या रविवारी फॉर्मची शेवटची तारीख होती. पुढच्याला मी तापानं झोपले होते, हे मात्र खरं आहे. त्याच्या पुढच्या बुधवारी पहाटे दादाचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला बुद्धविहार माणसांनी भरला होता. टेलिफोन खात्यातल्या जुन्या बायका आल्या होत्या, म्हाताऱ्या झालेल्या, सगळ्यांची पाठ अजून सरळ. वंदना झाली. मग एकेकानं उठून दोन शब्द बोलायचे. पहिल्याच माणसाच्या हातात माईकनं कान फुटेल अशी शिट्टी मारली. दादा मला म्हणाला, "सुजा, जरा बघतेस का?" मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. रडत बसलेल्या बायकांमधून उठायला कारण मिळालं. मी स्पीकरचा खोका माईकच्या मागून काढून पुढे सरकवला, तोंड लोकांकडे केलं, सैल पिन घट्ट बसवली, टिचकी मारून पाहिली. आवाज अगदी नितळ झाला. शेवटच्या रांगेतल्या म्हातारबाबांनी हात वर करून सांगितलं, येतंय म्हणून. आणि मी जागेवर परत निघाले तर नलिनीवहिनी उठून उभ्या राहिल्या.

"हीच ती भाची," त्या लोकांना म्हणाल्या. "दर रविवारी येयाची. आत्याबायंचा गाना खराब झाला की धावत येयाची. पोटची पोर पन येवढा करत न्हाय. बाय, तूच बोल दोन शब्द."

माईक माझ्याच हातात होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी मायेची नजर मी कधी अंगावर घेतली नव्हती. मी म्हटलं, "नाही हो. शेवटी मी येत नव्हते. तिनं बोलावलं तरी आले नाही."

पुढे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. एक जण शेजारणीला म्हणाली, "बघा, इतकं करून पोरीला मोठेपणा नको."

मी पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं, "खरंच सांगतेय, मी येत नव्हते." तेव्हा दादा उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या हातातून हळूच माईक काढून घेतला.